छोटूची चौदा उत्तरं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनांचा विभाग इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथल्या काउंटरवर गेली तेरा वर्षं ताई बसते. सगळे तिला ताईच म्हणतात, मोठे डॉक्टरसुद्धा, आणि ते तर तिच्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत. काउंटरसमोर बिनहातांच्या रुंद खुर्च्या मांडलेल्या असतात. हातांची खुर्ची असली की माणूस उठतो आणि खुर्चीही त्याच्याबरोबर उठते, आणि चारचौघांत एकदा असं झालं की तो बिचारा पुन्हा त्या दारात पाऊल ठेवत नाही. वजनाचा काटा जमिनीतच बसवलेला आहे. ताई स्वतः मात्र काडीसारखी. तिच्याकडे बघून पेशंट उसासे टाकतात आणि ती फाईल पुढे सरकवते.

काउंटरच्या डाव्या हाताला लिफ्ट आहे. गर्दी ओसरली की ती लिफ्ट कुणी न बोलावता तिसऱ्या मजल्यावर येते. टिंग वाजतं, दार उघडतं, आत कुणी नसतं. एखाद्या जड माणसाला उतरायला वेळ लागावा तेवढा वेळ दार उघडं राहतं आणि मग मिटतं. नवीन नर्सेस दचकतात. ताई दचकत नाही, पण मान वर करून बघतही नाही. यात भुताटकी काही नाही हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण लिफ्ट तशी लावून ठेवली होती तिच्या भावाने. रिकाम्या लिफ्टने कुठल्या मजल्यावर जाऊन थांबायचं हे आतल्या पेटीत ठरवता येतं. लोक तळमजला ठरवतात. त्याने तिसरा ठरवला, म्हणाला, घरी निघताना तुला वाट बघायला नको. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. लिफ्ट अजून येते.

त्याला सगळे छोटू म्हणायचे. शेंडेफळ म्हणून पाळण्यात पडलेलं नाव, ते एकशे बेचाळीस किलो झाल्यावरही कुणी बदललं नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, आणि असा की नुसत्या आवाजावरून सांगायचा, चौथ्या मजल्याच्या दाराची चाकं झिजलीत. पण वजन वाढत गेलं तसा तो लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरेना. एकदा उतरला तो वरच येईना, तिघांनी ओढून काढला. कंपनीने सांगितलं, वजन उतरव, नाहीतर गोदामात बसून सुटे भाग मोज. छोटूला गोदाम म्हणजे जिवंतपणी मरण. मुलगी चार वर्षांची असतानाच बायको वारलेली. मुलीला मोठी केली ती त्याने आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या ताईने मिळून. बाकी त्याला आयुष्यात लिफ्ट सोडून काही नव्हतं. आणि एक होतं, ते चोरून होतं.

ताईच्या विभागात वजन उतरवायला पोटात पट्टा बसवतात. आता तो पट्टा काय असतो ते सांगायला हवं. मोठे डॉक्टर माणूस सरळ. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते प्लास्टिकचं जठर देतात आणि तेच भाषण करतात. सिलिकॉनचा हा पट्टा जठराला वरच्या बाजूने वळसा घालून बसतो, वर जेमतेम अंड्याएवढी जागा राहते, तेवढी भरली की घास पुढे सरकायला वेळ लागतो. पट्ट्यापासून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या बटणाला येऊन मिळते. त्या बटणात सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. त्यासाठी ठरल्या तारखांना यायचं, एकही चुकवायची नाही. पट्टा घसरू शकतो. झिजत झिजत जठराच्या आत घुसू शकतो. बटणापाशी पू होऊ शकतो, अन्ननलिका फुगू शकते, आणि पुन्हा पोट उघडून पट्टा काढावा लागलेले लोक काही थोडे नाहीत. ज्यांना तो मानवतो त्यांना मानवतो. एक शाळेतल्या बाई सात वर्षं तारखा पाळतायत, तीन जिने चढून येतात आणि वर आल्यावर तसं सगळ्यांना सांगतात. पण भाषणाच्या शेवटी डॉक्टर जठर परत मागून घेतात आणि म्हणतात, हा पट्टा भूक मारत नाही, फक्त घास अडवतो. जो पातळ आणि गोड पितो त्याला हा अडवणारच नाही, त्याने याच्या नादी लागू नये.

छोटू नेमका तेच करायचा. गोड घट्ट दुधाचा डबा घ्यायचा, स्क्रूड्रायव्हरने वर दोन भोकं पाडायची आणि लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत, एकटा असताना, तोंड लावून प्यायचा. रोज एक. कधी दोन. हे जगात एकट्या ताईला माहीत होतं.

पट्टा कुणाला लावायचा हे एकटे मोठे डॉक्टर ठरवत नाहीत. काउंटरच्या मागे एक खोली आहे, मध्ये भिंत म्हणून नुसती फळी. तिथे मनाच्या डॉक्टर बसतात. सगळा मजला त्यांना प्रश्नबाई म्हणतो, त्यांनाही ते माहीत आहे. त्यांचे चौदा प्रश्न ठरलेले. कधी खाता, कुणासमोर खाता, काय लपवता, याआधी वजन उतरवलं तेव्हा काय झालं, तारखा पाळाल का. उत्तरं त्या हाताने लिहितात आणि ताई ती टाईप करते. वर्षानुवर्षं फळीपलीकडून ऐकून आणि टाईप करून ताईला कुठलं उत्तर पास होतं आणि कुठलं नाही हे प्रश्नबाईंपेक्षाही चांगलं कळायला लागलं होतं.

भावाच्या प्रेमापोटी माणूस काय करेल सांगता येत नाही. एका रविवारी ताईने छोटूला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवलं आणि चौदा प्रश्नांची चौदा उत्तरं एका कागदावर लिहून दिली. पाठ करून घेतली, शाळेतल्या पोराकडून घ्यावीत तशी. अगदी धुतल्या तांदळासारखा माणूस प्रश्नबाईंना खरा वाटत नाही, हे तिला ठाऊक होतं. थोडं पाप कबूल करायचं, तेही जुनं. नवव्या प्रश्नाला, एकटे असताना गोड काही पिता का, याला एकदम नाही म्हणायचं नाही. खाली बघायचं. चार आकडे मनात मोजायचे. मग म्हणायचं, वडील गेल्यावर प्यायचो, आता चार महिने बंद आहे. कागदावर कंसात तिने लिहिलंही होतं, थांब, खाली बघ. छोटू हसत सुटला होता, म्हणाला, ताई, तू नाटक कंपनी का नाही काढलीस?

तो पास झाला. पट्टा बसला. पहिल्या वर्षात एकतीस किलो उतरलं, छोटू पुन्हा खड्ड्यात उतरायला लागला, इस्पितळाच्या लिफ्टचं कामही त्यालाच मिळालं, तेव्हाच त्याने ते तिसऱ्या मजल्याचं केलं. ताईला वाटलं, झालं ते भल्यासाठीच झालं. मग डबे पुन्हा सुरू झाले. कोरडा घास पट्ट्यात अडकायचा, उलटी व्हायची, दूध मात्र सरळ खाली जायचं, मग दूधच. आईस्क्रीम वितळवून प्यायचा. वजन चढायला लागल्यावर डॉक्टरांना तोंड कसं दाखवायचं म्हणून तारखा चुकवायला लागला. दोन तारखा चुकल्या की पेशंटला चौकशीला बोलावतात, आणि चौकशी झाली की चौदा उत्तरांपर्यंत बोट जाणार. म्हणून ताईने रजिस्टरमध्ये त्या दोन तारखांपुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, हजर. एक खोटं झाकायला दुसरं, असंच असतं ते.

मग तो शुक्रवार आला. दुपारचे साडेचार. काउंटरचा फोन वाजला, छोटू होता. म्हणाला, सकाळपासून काही उतरत नाही. पाणी नाही, थुंकीसुद्धा नाही. उलट्या होतायत आणि डावा खांदा दुखतोय. बोलता बोलता थांबून तो गिळायचा प्रयत्न करत होता, तो आवाज फोनमधून येत होता.

ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला एक सूचनांचा कागद देतात. त्याच्या झेरॉक्स ताईच काढते. त्यातली सातवी सूचना जाड अक्षरात आहे: पाणीसुद्धा उतरत नसेल तर त्याच दिवशी, कुठल्याही वेळी, इस्पितळात या. ताईसमोर त्या कागदांचा गठ्ठा होता. तिने तो बघितलाही. पण त्या दिवशी मोठे डॉक्टर बाहेरगावी होते, ड्यूटीवर एक नवीन, चौकस मुलगी होती. ती विचारणार, काय खाल्लंत? विचारणार, मागच्या तारखेला पट्ट्यात पाणी किती भरलं? आणि रजिस्टर उघडणार. ताईला धास्ती बसली, आणि खोटं कशाला सांगायचं, ती भावासाठी नव्हती, रजिस्टरसाठी होती.

"सोमवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "सोमवारी मी तुला सगळ्यात आधी आत घेते. कुणी काही विचारणार नाही."

"बरं, ताई," छोटू म्हणाला. त्याने जन्मभर तिचं ऐकलं होतं.

शनिवारी तिने फोन केला तर म्हणाला, दुखणं बरंच कमी झालंय. ताईला हायसं वाटलं, इतकं की रविवारी ती गेलीही नाही, घरची धुणीभांडी करत बसली. मेलेला भाग दुखत नाही, हे तिला नंतर कळलं, ऑपरेशनचा अहवाल टाईप करताना. सोमवारी तो मुलीच्या खांद्याला धरून लिफ्टमधून उतरला, बिनहातांच्या खुर्चीत बसला आणि तिथेच कलंडला. डॉक्टरांनी लगेच पोट उघडलं, सगळं केलं. बुधवारी गेला. घरी सगळ्यांना सांगितलं, हृदय बंद पडलं. ते खोटं नव्हतं, शेवटी सगळ्यांचंच हृदय बंद पडतं. रजिस्टरमध्ये छोटू नियमित हजर होता, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही. मोठे डॉक्टर ताईच्या डोक्यावर हात ठेवून गेले आणि तो हात तिला अजून जाणवतो.

तेव्हापासून शुक्रवारी दुपारी फोन वाजला की ताई तो तिसऱ्या घंटेपर्यंत उचलत नाही. उचलला की कुणीतरी तारीख विचारत असतं, पत्ता विचारत असतं, पण त्याआधी एक क्षण असा येतो की पलीकडे कुणीतरी गिळायचा प्रयत्न करतंय. रोज एखादा पेशंट फळीपलीकडे म्हणतो, मी चोरून खात नाही, आणि तिला ते छोटूच्या आवाजात ऐकू येतं. वेड लागलं असतं तर बरं, असं तिला वाटायचं. वेड्याला निदान खरं काय ते आठवत नाही.

छोटूची मुलगी बाप गेल्यावर ताईकडेच राहायला आली. तिला घरात चिमणी म्हणतात, आणि हीही बापाच्या वळणावर गेलेली चिमणी. वय तेवीस, वजन एकशे अठरा. पाळणाघरात काम करते, मुलं तिच्या मांडीवरून उतरायला तयार नसतात, पण दिवसभर वाकून आणि उचलून तिचे गुडघे धरले होते. ताईने तिच्यासाठी जीव टाकला. जेवताना मात्र ताई आपला घास हातात धरून बसायची आणि पोरीचा घास घशाखाली उतरला की मगच स्वतःचा तोंडात घालायची.

एके दिवशी सकाळी चहा पिताना चिमणीने सांगितलं की तिने मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पट्टा बसवायचाय.

मग जे व्हायचं ते झालं. ताईने होते नव्हते ते सगळे धोके सांगितले, डॉक्टरांच्या भाषणात चार आपले घालून. अगं, व्यायाम कर, आहार बघ, दुसरी ऑपरेशनं आहेत, दुसरी औषधं आहेत, डॉक्टरांनाच विचार, पट्टाच का? चिमणी ऐकून घेत होती. मग म्हणाली, बाबा काही पट्ट्याने गेले नाहीत. ताईने विचारायला हवं होतं, मग कशाने गेले असं वाटतं तुला? पण खाई त्याला खवखवे. तिने विषय बदलला.

"आत्या, तू बाबांना उत्तरं सांगितली होतीस," चिमणी म्हणाली. "मलाही सांग."

ताईने सरळ कानावर हात ठेवले. कसली उत्तरं, कुणी सांगितलं तुला, असलं मी काही केलेलं नाही. चिमणी म्हणाली, बरं. आणि कप विसळायला उठली. त्याच आठवड्यात कचरा बाहेर टाकताना ताईला पिशवीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, गोड घट्ट दुधाचा डबा सापडला. वर दोन भोकं होती. ती पिशवी हातात धरून ताई जिन्यातच खाली बसली.

म्हणजे पोरीला पट्टा लावायचा म्हणजे बापाच्याच वाटेने पाठवायचं. हे ताईला लख्ख दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी जाऊन प्रश्नबाईंना सांगायचं, ही लपवून पिते, हिला नको. पण मग त्या विचारणार, ताई, तुम्हाला इतकी खात्री कशी, तुमचा भाऊ तर पास झाला होता. आणि पाठोपाठ रजिस्टर, आणि पाठोपाठ शुक्रवार, आणि तो शुक्रवार चिमणीच्या कानावर गेला की पोरगी त्या घरात एक रात्र तरी थांबेल का? झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईने मनाची समजूत घातली. प्रश्नबाई खमक्या आहेत, पोरगी साधी आहे, दोन प्रश्नांत पकडली जाईल. आपण कशाला तोंड उघडायचं?

नेमलेल्या दिवशी चिमणी अकरा वाजता आली. काट्यावर उभी राहिली, ताईने आकडा लिहून घेतला, दोघी एकमेकींशी परक्यासारख्या वागल्या. तेवढ्यात लिफ्ट आली, दार उघडलं, आत कुणी नव्हतं. चिमणीने वळून बघितलं. दार मिटेपर्यंत ती बघत होती. मग प्रश्नबाईंनी तिला आत बोलावलं.

ताई काउंटरवर बसून एका म्हाताऱ्या गृहस्थांची फाईल शोधत होती. फळीपलीकडे पहिला प्रश्न झाला, उत्तर झालं. दुसरा झाला. तिसऱ्या उत्तराला ताईचा हात थांबला. चिमणी म्हणत होती, मला जादू नकोय, मला आधार हवाय, बाकीचं काम माझं मला करायचंय. हे वाक्य कुणा पेशंटचं नव्हतं. ते ताईने स्वतः रचलेलं होतं, टेबलाशी बसून, त्या रविवारी. छोटूला "आधार" शब्दावर जोर देता येईना म्हणून तिने त्याच्याकडून पाच वेळा म्हणून घेतलं होतं. चिमणीने जोर बरोबर दिला.

कागद! छोटूच्या हत्यारांची पिशवी पोरीने आणून आपल्या पलंगाखाली ठेवली होती, ताईने ती कधी उघडून बघितली नव्हती. कागद त्यातच राहिला असणार. चौथं उत्तर आलं, पाचवं आलं, शब्दाला शब्द. छोटू थांबायचा तिथे चिमणी थांबत होती, कारण थांब असं तिथे लिहिलेलं होतं. फळीपलीकडे तिची भाची बोलत होती, तिचा मेलेला भाऊ बोलत होता, आणि शब्द तिचे स्वतःचे होते. म्हातारे गृहस्थ विचारत होते, बाई, बरं वाटत नाही का?

"एकटं असताना गोड काही पिता का?" प्रश्नबाईंचा आवाज आला.

शांतता. ताई नकळत मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार.

"वडील गेल्यावर प्यायचे," चिमणी म्हणाली. "आता चार महिने बंद आहे."

ताई उठली. फाईल खाली पडली ती तिने उचलली नाही. तेरा वर्षांत तिने ते दार मध्येच कधी उघडलं नव्हतं. ते उघडून ती आत गेली आणि म्हणाली, "ही उत्तरं हिची नाहीत. माझी आहेत. मी लिहून दिलेली आहेत, छोटूला. ही रोज डबा पिते. परवाही प्यायली. छोटूही प्यायचा, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापर्यंत प्यायचा, आणि मला माहीत होतं."

प्रश्नबाईंनी पेन खाली ठेवलं. चिमणीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिने आत्याला बाहेर जायला सांगितलं, आवाज न चढवता. पण ताईला आता थांबता येत नव्हतं. एकदा बांध फुटला की फुटला. तिने दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. दोन तारखांपुढचं हजर. शुक्रवारचा फोन. सूचनांचा गठ्ठा समोर असताना ती काय म्हणाली ते, आणि का म्हणाली तेही. भावासाठी नाही, स्वतःच्या खुर्चीसाठी, असं तिने स्पष्ट सांगितलं. सांगताना ती चिमणीकडे बघत नव्हती, प्रश्नबाईंच्या टेबलाच्या कडेकडे बघत होती.

प्रश्नबाई काही विचारतील असं वाटत होतं, पण बोलली चिमणी.

"तू सोमवार म्हणालीस ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तिथेच बसले होते. आत्या म्हणाली सोमवारी, म्हणजे विशेष काही नसणार, असं बाबाच म्हणाले." ती थांबली. या वेळी ती कुठल्या कागदावरून थांबत नव्हती. "रविवारी ते लहान मुलासारखे रडायला लागले. तोंडाला कोरड पडली होती. म्हणाले, दोन चमचे दे, कुणाला कळणार नाही. मी आईस्क्रीम वितळवून दिलं. ते उतरलं नाही, ठसका लागला, सगळं बाहेर आलं. मग ताप भरला. आणि सोमवारी..."

"चिमणे," ताई म्हणाली.

"तू इथे काम करतेस, तुला सगळं कळतं, आणि तू थांब म्हणालीस म्हणजे तोपर्यंत ते ठीकच होते. नंतर जे झालं ते माझ्या चमच्याने झालं." तिने दोन्ही हात पोटावर दाबून धरले होते. "मला पट्टा बारीक व्हायला नकोय. त्यांच्या घशाला जसं झालं तसं माझ्याही व्हावं, एवढंच."

प्रश्नबाईंनी हात पुढे केला आणि फाईल मिटली. हळू आवाजात त्यांनी सांगितलं की असल्या कारणासाठी या मजल्यावर कुणाच्या पोटाला सुरी लागणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही, पण तुम्ही माझ्याकडे येत राहायचं. चिमणीने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

दोन वर्षं ताई समजत होती की भूत एकट्या तिच्याच मानगुटीवर बसलंय. समोरच्या ताटावर ही पोर रोज दुसरं भूत घेऊन बसत होती आणि ते तिथे बसवलं होतं ताईनेच, सोमवार या एका शब्दाने. ते उतरवणंही तिच्याच हातात होतं. पण त्यासाठी उरलंसुरलं सगळं स्वतःच्या अंगावर घ्यावं लागणार होतं, आणि त्यानंतर ही मुलगी आपल्याला आत्या म्हणेल अशी आशा ठेवायला जागा नव्हती.

"माझ्याकडे बघ," ताई म्हणाली. "ऑपरेशनचा अहवाल मी टाईप केलाय, मला तो पाठ आहे. पट्टा घसरला तो शुक्रवारी. जठराचा वरचा भाग शनिवारीच काळा पडला होता, म्हणून तर त्याचं दुखायचं थांबलं. रविवारी तू त्याला अमृत दिलं असतंस तरी तो वाचला नसता, आणि काही दिलं नसतंस तरी वाचला नसता. शुक्रवारी तो इथे आला असता तर बटणात सुई घालून पाणी काढलं असतं, पाच मिनिटांचं काम. डॉक्टर हे माझ्यासमोर म्हणाले आहेत. शुक्रवारी फोन मी घेतला होता. तुझ्या चमच्याने काही झालेलं नाही, चिमणे. काहीही नाही."

चिमणी तिच्याकडे बघत राहिली. लहानपणी औषध खरंच कडू नाही ना, हे ती आत्याच्या चेहऱ्यावरून ओळखायची, तशी.

"हे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"दोन वर्षं," चिमणी म्हणाली. "आणि मी रोज तुझ्यासमोर बसून जेवत होते."

चिमणीचे खांदे हलायला लागले. सवयीने ताईचा हात तिच्या पाठीकडे गेला. चिमणीने तो झटकला, आणि अंग आवळून प्रश्नबाईंच्या बाजूला सरकली. प्रश्नबाईंनी मानेनेच दाराकडे खूण केली. रजिस्टर घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे कधी जायचं हे त्यांनी ताईला सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. ताई बाहेर आली, दार ओढून घेतलं. आत चिमणी मोठ्याने रडत होती, हुंदके देत, बाबा बाबा करत. बाप गेला त्या बुधवारी तिने एक टिपूसही गाळलं नव्हतं, आणि लोक म्हणाले होते, पोरगी दगडाची आहे.